यामिनीची पुस्तकं

शहादा
१९ मे २०२५

चि. यामिनीस,

आशीर्वाद. अक्षर ओळखून कपाळाला आठी पडली असेल तर पडू दे, पण वाच.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. ऊन असं की गच्चीवर वाळत टाकलेले पापड तळल्यासारखे दिसतात. गेल्या आठवड्यात वादळ झालं आणि तापीकाठच्या आपल्या केळीच्या दोन ओळी आडव्या झाल्या. ललितनं त्याचं फारसं दुःख केलं नाही. त्याला सध्या दुसरं दुःख आहे, बायको माहेरी जाऊन बसल्याचं. दुकानात ठिबकच्या नळ्या घ्यायला लोक रांग लावतात आणि हा गल्ल्यावर बसून फोनकडे बघतो.

तुझा फोन मला लागत नाही. "डोंगरात रेंज नसते, आई," असं तो म्हणतो. त्याचा मात्र रोज लागतो, हे मला भिंतीतून ऐकू येतं. म्हणून कागद.

आता कामाचं. ललितबरोबर पिशवी पाठवते आहे. तीत आपल्या गोष्टीचा पहिला भाग आहे आणि दुसराही. पहिला तू इथेच टाकून गेलीस, तोही टेबलावर उपडा. पुस्तक उपडं ठेवल्यानं त्याचा कणा मोडतो, हे तुला मी किती वेळा सांगितलं असेल! शेवटची चार प्रकरणं राहिलीत. तिथे सोडणं म्हणजे पंगतीत बसून वरणभात खाऊन जिलबी यायच्या आत उठणं.

दुसरा भाग उघडलास की आधी राजघराण्याची वंशावळ लागेल. ती वाचू नकोस. नकाशाही पाहू नकोस. तो काढणाऱ्यानं गोष्ट वाचलेली नाही, नदी डोंगरावर चढवली आहे. मुखपृष्ठावर जी अर्ध्या कपड्यांतली बाई ड्रॅगनवर रेलून उभी आहे, ती आतल्या सहाशे पानांत कुठेही नाही. मला त्या बाईचा तीस वर्षं राग आहे. गाणी पहिल्या वाचनात गाळ. तिसऱ्या भागात आपल्या वेल्ना ड्रॅगनचे डोळे जातात. तेवढं सांगितलं तर चालतं, कारण ते पहिल्याच पानावर आहे. सहावा भाग रटाळ आहे. लेखिकेच्या घरी त्या वर्षी पाहुणे फार आले असावेत. पण तो गाळता येत नाही, आठवा त्याच्यावर उभा आहे. आणि आठव्यासारखं पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही.

शून्य क्रमांकाचा एक भाग आहे. तो सगळ्यांत नंतर लिहिलाय, त्यात वेल्नाच्या आईची गोष्ट आहे. शहाणे लोक सांगतात, तिथून सुरुवात करा म्हणजे काळ सरळ लागतो. ऐकायचं नाही. आपण माणसाला ओळखतो, मग त्याच्या आईला ओळखतो. उलटं केलं की दोघांवरही अन्याय होतो.

तुझ्या आईला गोष्ट कुठपर्यंत सांगून झाली? तू फोनवर तुमच्या पावरी बोलीत सांगायचीस तेव्हा मला एक शब्द कळत नसे, पण वेल्ना कधी उडते ते तुझ्या आवाजावरून कळायचं. फुलवंताबाईंनी विचारलं होतं ना, एवढं मोठं जनावर उतरतं तेव्हा खालचं पीक कोणाचं मोडतं, आणि त्याला भरपाई कोण देतं? अकरा भाग झाले, लेखिकेला हे सुचलं नाही.

त्या दिवशीचा विषय मी काढत नाही. भिशीच्या बायका खातात, बोलतात, विसरतात. भिकुबाई काकूंना तर सकाळी काय जेवल्या ते संध्याकाळी आठवत नाही. तूही विसर. शाळा सोळा जूनला उघडते. त्याआधी चार दिवस आलीस तर तुझ्या खोलीचा पंखा दुरुस्त करून ठेवते.

तुझी,
आई


शहादा
२९ मे

यामिनी,

पिशवी परत आली. सुतळीची गाठ मी मारली होती तशीच होती.

ललितनं ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "आई, तू पुस्तकं पाठवतेस की माफी?"

मी म्हटलं, "एका पिशवीत दोन्ही मावतं."

"मावत नाही," तो म्हणाला, आणि न जेवता दुकानात गेला. माझा मुलगा न जेवता जातो! तोच, जो वडील गेले त्या दिवशीसुद्धा दोन भाकऱ्या खाऊन रडला होता.

रात्री त्यानं सगळं सांगितलं. तुझ्या वडिलांनी, भीमसिंगभाऊंनी, त्याला अंगणात खाट टाकून दिली, पोटभर जेवू घातलं, आणि मग विचारलं, "काय झालं?" हा म्हणाला, मी दुकानात होतो, मला माहीत नाही. तुला विचारलं तर तू म्हणालीस, "त्यांना विचारा." तेव्हा तुझे वडील म्हणाले, "ज्यानं केलं त्यानं सांगायचं. आणि माणसं होती तिथं सांगायचं. कानात सांगितलेलं आम्ही धरत नाही."

तुमच्याकडे तंटा असाच मिटतो म्हणे. चारचौघांत घडलं ते चारचौघांत बोलायचं, ज्याची चूक त्यानं आपल्या तोंडानं. मला आधी संताप आला. कचेरीत साहेबांची इंग्रजी दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. माझ्या टाइपरायटरपुढून जाताना बाबू लोक पान थुंकून यायचे. आणि मी भिशीत उभी राहून कबुली देऊ? खमण खाता खाता?

मग ललित म्हणाला, तू माहेरच्या अक्राणी तालुक्यातल्या शाळेवर बदली मागणार आहेस. डोंगरातल्या जागा कोणी मागत नाही, त्यामुळे मिळेलच. "आणि मग मी दर रविवारी घाट चढणार," तो म्हणाला. "जन्मभर."

म्हणून आता लिहिते.

तुला ठाऊक आहे, ती अकराही इंग्रजी पुस्तकं मी खाकी कागदाची कव्हरं घालून ठेवली होती आणि त्यांवर माझ्याच वळणदार अक्षरात 'सेवानियम, भाग एक', 'सेवानियम, भाग दोन' असं लिहिलं होतं. कचेरीत असताना घातली, निवृत्त झाल्यावर काढायचं धैर्य झालं नाही. कॉन्व्हेंटात शिकलेली, सरकारी मसुदे लिहिणारी बाई पंखवाल्या सरपटणाऱ्या जनावरांच्या गोष्टी वाचते हे लोकांना कळलं असतं तर मला काय वाटलं असतं, हे मी कधी नीट तपासलं नाही. भीती जुनी झाली की तिला आपण वळण म्हणतो.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला साफसफाई करताना तू विचारलंस, "आई, सेवानियमांत ड्रॅगन कसा?" आणि फडकं तोंडावर धरून हसलीस. मी तुला शपथ घातली. तू ती पाळलीस. ललितलासुद्धा बोलली नाहीस. मग गच्चीवर आपलं वाचन सुरू झालं. तू लसूण सोलायचीस, मी वाचायची. मग मी लसूण सोलायची आणि तू वाचायचीस. अडलीस की माझ्याकडे पाहायचीस, मी शब्द सांगायची, तू पुढे जायचीस. निवृत्तीनंतर माझ्याशी कोणी इतका वेळ बोललं नव्हतं. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

त्या रविवारी भिशी आपल्याकडे होती. पहिल्या भागाचं कव्हर फाटलं म्हणून तू काढून टाकलं होतंस आणि पुस्तक सोफ्यावर राहिलं. भिकुबाई काकूंनी ते उचललं. चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "हाई काय शे वं प्रमिला? हाऊ त पंखवाला सरडा शे!" सगळ्या हसल्या. समोरच्या दातांच्या डॉक्टरांची मयूरी, जिला हसायला कारण लागत नाही, तिनं मला विचारलं, "काकू, तुम्ही वाचता हे?"

तू पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होतीस.

मी म्हणाले, "मी कशाला? यामिनीची पुस्तकं ती. आमच्या सूनबाईला अजून पऱ्यांच्या गोष्टी लागतात."

तू एक शब्द बोलली नाहीस. ग्लास ठेवलेस. शपथ माझी होती, ती तू माझ्याविरुद्धसुद्धा पाळलीस.

मग मयूरी म्हणाली, वाचून दाखव ना थोडं. आणि मी तुला थांबवलं नाही. तू वाचलंस, अडखळलीस, बायका हसल्या. एवढंच झालं.

चौथ्या भागात राणी भर दरबारात वेल्नाला ओळख देत नाही, हे तुला पुढे वाचायला मिळेल. तो भाग वाचताना मी दर वेळी रडते. रडणं किती स्वस्त असतं!

मी चुकले. पत्रात लिहिलंय, हे लेखी आहे. लेखी गोष्टीला आमच्याकडे वजन असतं. एवढ्यावर भागेल का, ते भीमसिंगभाऊंना विचारशील?

प्रमिला आई


शहादा
९ जून

यामिनी,

तुझा निरोप ललितनं आणला. एकच वाक्य होतं. "एवढंच झालं असं त्यांनी लिहिलंय का?"

नाही. एवढंच झालं नव्हतं.

काल भिशी मयूरीकडे होती. मी जाणार नव्हते. पोट बिघडल्याचा निरोपसुद्धा तयार होता. मग इस्त्रीची साडी नेसले आणि गेले. त्याच बायका होत्या. खमण होतं, ताक होतं, मयूरीच्या नव्या पडद्यांचं कौतुक चाललं होतं. मी चिठ्ठ्या काढायच्या आधी उभी राहिले. गुडघा कटकन वाजला. कॉन्व्हेंटात खोटं बोललेल्या मुलीला सिस्टर असंच उभं करायच्या, सगळ्या मुलींसमोर, पण तिथे मी नेहमी बसलेल्यांतली होते.

मी म्हणाले, "मागच्या महिन्यात काकूंनी जे पुस्तक उचललं ते माझं होतं. यामिनीचं नव्हतं. तसली अकरा आहेत. तीस वर्षं वाचते आहे. मी खोटं बोलले आणि तिच्यावर ढकललं."

मयूरीनं ताकाचा ग्लास पुढे केला. "जाऊ द्या ना काकू, गंमतच होती ती."

"गंमत नव्हती," मी म्हणाले.

आणि खाली बसायला लागले. खरं सांगते, मी बसायला लागले होते. झालं, सांगून टाकलं, आता तुला कळवते की चारचौघींत बोलले, असं मनात वाक्यही तयार झालं होतं. तेवढ्यात भिकुबाई काकू, ज्यांना काही आठवत नाही असं मी तुला लिहिलं होतं, कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या, "आन् पहिले हासनं कोन?"

मी म्हटलं, "काय काकू?"

"ती पोर वाची ऱ्हायंती. पहिले हासनं कोन? आन् शाळाना काय बोलनी तू? समदं सांग ना. अर्धं कसाले?"

पोर वाचत असताना पहिलं हसलं कोण, आणि शाळेबद्दल मी काय बोलले, हे त्यांना सगळं आठवत होतं. मी हातातलं ताक खाली ठेवलं.

तर उरलेलं अर्धं मी त्यांना सांगितलं, आणि आता तुला लिहिते. तू ते सोसलं आहेस, तरी मी ते लिहायला हवं.

तू अडखळलीस तेव्हा बायका हसल्या नाहीत. पहिली मी हसले. मी हसले म्हणून त्यांना हसायची परवानगी मिळाली. आणि हसत हसत मी म्हणाले, "आश्रमशाळेचं इंग्लिश आहे ते, चालवून घ्या."

आणि तू अडखळली नव्हतीस, यामिनी. ते पान तुला येत होतं. आपण ते दोनदा वाचलं होतं, वेल्ना पहिल्यांदा बोलते ते पान. तू थांबलीस, कारण तू पुस्तकाकडे पाहत नव्हतीस. तू माझ्याकडे पाहत होतीस. गच्चीवर पाहायचीस तशी. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत होतीस. शब्द नको होता तुला. मी "राहू दे, इकडे आण, माझं आहे ते" एवढं म्हणावं, यासाठी तू थांबली होतीस. मला ते कळलं. त्याच क्षणी कळलं. म्हणून मी हसले.

हे सगळं बायकांना सांगून झालं. मयूरी पहिल्यांदाच हसली नाही. काकूंनी मला खुर्ची दिली नाही, पाणी दिलं नाही, कुरवाळलं नाही. फक्त म्हणाल्या, "आठे बोलनी. आते तिना बापनासमोर बोल." इथे बोललीस, आता तिच्या बापासमोर बोल.

मी घरी आले तेव्हा मला वाटलं, हे मात्र होणार नाही. भिशीतल्या बायकांसमोर माझी लाज गेली तर माझी गेली. पण 'आश्रमशाळेचं इंग्लिश' हे शब्द भीमसिंगभाऊंसमोर कसे उच्चारू? तू सहा वर्षांची असताना त्यांनी तुला त्या शाळेत सोडलं आणि तू रडशील म्हणून फाटकाबाहेर झाडाखाली दोन दिवस बसून राहिले. तुला दिसू नये म्हणून झाडाच्या पलीकडच्या बाजूला. हे तूच मला सांगितलंस, लसूण सोलताना, आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता. म्हणजे मला ठाऊक होतं. ते शब्द तोंडून निघाले तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. अजाणता बोलले असते तर हे पत्र सोपं झालं असतं.

आणि तू त्यांना सांगितलं नाहीस. महिना झाला, बापानं विचारलं, तरी "त्यांना विचारा" म्हणालीस. मी आधी समजले की तू मला अडकवते आहेस. आज वाटतं, ते शब्द त्यांच्या कानावर घालणं तुझ्या जिवावर आलं.

आता ते मलाच घालायचे आहेत. न घालता सुटायची वाट मी खूप शोधली. एक वाट अशी की त्यांना कशाला दुखवा, म्हातारा माणूस, राहू दे. किती सभ्य वाटते ना? पण त्या सभ्यतेत माझीच सोय आहे. आणि ते विचारून बसले आहेत. विचारणाऱ्याला उत्तर न देणं हा पुन्हा त्यांचा अपमान.

मी परवा बुधवारी येते. ललितबरोबर नाही, एकटी, सकाळच्या जीपनं. लग्नाला दोन वर्षं झाली आणि मी तुझ्या माहेरचा उंबरा पाहिलेला नाही. "घाटात मला उलटी होते" हे कारण तुम्ही सगळ्यांनी मोठ्या मनानं मानलंत. मला घाटात उलटी होत नाही. कचेरीच्या दौऱ्यांत मी तो घाट कितीदा चढले आहे.

मी तुला न्यायला येत नाही. हे नीट वाच. बदलीचा अर्ज भरायचा असेल तर भर. ललितला मी आज सांगितलं, तिला तिकडे राहायचं असेल तर शहाद्यातलं दुकान भाड्यानं दे आणि धडगावात नवं उघड. आई एकटी पडेल हे कारण मध्ये आणू नकोस. माझ्या ताटात वाढलेली भाजी त्यानं स्वतः गरम करून आणली, एवढंच.

तू त्या दिवशी घरी नसलीस तरी चालेल. असलीस तर माझ्याकडे पाहू नकोस, आणि मी अडले तर मला शब्द सांगू नकोस. मला अडू दे. मी मराठीत बोलेन; फुलवंताबाईंना जे कळणार नाही ते भीमसिंगभाऊ पावरीत सांगतील. माझे शब्द ते आपल्या तोंडानं बायकोला सांगत असतील तेव्हा मला तिथे बसून ऐकावं लागेल. त्यावर ते काय म्हणतील ते म्हणोत. उठून जा म्हणाले तर उठून जाईन. संध्याकाळची जीप असते.

पुस्तकं या वेळी आणत नाही. हातात काही असलं की मी त्याच्या मागे लपते.

मी येते आहे एवढंच घरी सांग. का, ते सांगू नकोस. ते माझं काम आहे.

तुझी अपराधी,
प्रमिला